लिफ्टच्या मानकाचा एकमेव वाचक

नागपूरच्या मानक मंडळाच्या प्रयोगशाळेत मेलेले वाचक तेवढे नियमित हजर असत. जिवंतांचा भरवसा नव्हता. लिफ्टचं मानक प्रसिद्ध करून मंडळाने अभिप्राय मागवले, तेव्हा एकच आला : 'अक्षर मोठं हवं.'

म्हणून डॉ. शमीम इनामदारांनी वाचकछाया घडवल्या. जुन्या वाचकाने हयातभर पाठवलेल्या शेऱ्यांवरून त्याची वाचायची रीत यंत्रात उतरवायची आणि नव्या मजकुरावर सोडायची.

"छाया म्हणजे माणूस नव्हे, यामिनीताई," त्यांनी मंडळाच्या सचिवबाईंना बजावलं. "तिला फक्त चूक दिसते. आक्षेप मान्य केला की ती गप्प. अमान्य केला की पुन्हा भांडणार."

"मग हे होते तेव्हा वेगळं काय होतं?" यामिनी देवपुजारी म्हणाल्या.

त्यांचे यजमान दिनकरराव लिफ्ट-निरीक्षक. मानक अथपासून इतिपर्यंत वाचणारा पृथ्वीवरचा एकमेव माणूस, जेवतानाही वाचत. गेल्या वर्षी गेले. आता त्यांच्या छायेची अक्षरं पडद्यावर उमटली : 'ब्रेकचं कलम. दमट हवेत हा ब्रेक घसरेल. लिहिणारे जिन्याने जातात काय?'

यामिनीबाई खुर्चीत बसल्या. "हाच तो खवचटपणा."

"आक्षेप बरोबर आहे," शमीम हळूच म्हणाल्या. "पण एवढाच आहे. बाकी मानकात चूक नाही."

"म्हणजे मी मान्य म्हटलं की..."

"हो."

यामिनीबाईंनी कळफलक पुढे ओढला. लिफ्टमधून लोकांची माणसं जात-येत होती. त्यांनी 'मान्य' लिहिलं.

पडदा कोरा झाला. रोज ऑफिसात आल्यावर त्या तो उघडून बसत. एवढा अबोला दिनकररावांनी संसारात कधी धरला नव्हता.

पुढच्या आवृत्तीत त्यांनी एक ओळ स्वतः बदलली : 'सूचनाफलक प्रवाशाच्या गुडघ्याच्या उंचीवर लावावा.'

पडदा ताबडतोब जागा झाला. 'फलक डोळ्यांसमोर हवा. चूक मुद्दाम केलेली दिसते. सचिव बदलावा.'

यामिनीबाईंनी पदराने चष्मा पुसला आणि रीतसर उत्तर लिहिलं : 'अमान्य. सविस्तर कारणं द्यावीत.'

राज्यातल्या प्रत्येक लिफ्टमध्ये सूचना वाचायला आता वाकावं लागतं. आक्षेपाची सुनावणी चालू आहे.