कयाधूकाठची परेड

"सावधान... पीछे मुड..."

मेंढरं कयाधू नदीच्या पाण्यावर आणलेली चांगुणा दचकलीच. बघते तर काय, बाभळीआड एक उंचापुरा गडी छाती काढून उभा, आणि बारीक आवाजात तिच्याच मेंढरांना हुकूम सोडतोय! मेंढरं आपली खुशाल चरत होती. तिला हसू आवरेना.

"अवो, ती बहिरी न्हाईत. तुमचा आवाज हाय कुठं?"

गडी कानापर्यंत लाल झाला. हा सेनगावचा भुजंग. पोलिसात भरती झालेला, ट्रेनिंगमधून दिवाळीच्या सुट्टीवर आत्याकडे आलेला. पळण्यात पहिला, बंदुकीचा नेम पक्का, कायद्याची कलमं तोंडपाठ. घोडं अडलं होतं ते आवाजापाशी.

"परीक्षेत आख्ख्या तुकडीला हुकूम द्यावा लागतो," तो पुटपुटला. "उस्ताद म्हणतेत, आवाज फुटला न्हाई तर घरी जाऊन मेंढरं राख."

"त्याला तर आणखीन मोठा आवाज लागतो! गळ्यातून काहून वरडता? हितून..."

पोटावर हात ठेवून तिनं अशी हाळी दिली, की पार वळणावरची मेंढरं माघारी फिरली. भुजंग बघतच राहिला. मेंढरांकडे नव्हे — हे तिच्या बराबर ध्यानात आलं, आणि ती उगीचच काठी शोधू लागली. काठी हातातच होती.

मग काय, सुट्टीभर शिकवणी चालली. ती रागवायची, तो हसायचा.

"पास झालो तर हितंच येऊन सांगीन," जाताना तो म्हणाला.

"अन् न्हाई झालात तर?"

"मंग... कोणत्या तोंडानं येऊ?"

होळी आली. चांगुणाचं लक्ष मेंढरांत कमी, पल्याडच्या वाटेवर जास्त. मेला आवाज! फुटला असेल ना?

आणि एका सकाळी पलीकडच्या काठावर खाकी दिसली. ती काठाशी धावली. भुजंगचे ओठ हलले.

"ऐकू न्हाई येत!" ती ओरडली.

भुजंगनं पोटावर हात ठेवला.

"चांगुणाऽऽ! पास झालो! माह्याशी लगीन करशील काऽऽ?"

धुणं धुणाऱ्या बाया ताठ उभ्या राहिल्या. मेंढरांनीसुद्धा माना वर केल्या. आणि साऱ्या कयाधूकाठी जिच्या हाळीला तोड नव्हती, त्या चांगुणाचा आवाजच फुटेना! कसाबसा ओठांतून निघाला, "व्हय..."

"ऐकू न्हाई आलं!" पलीकडून खट्याळ हुकूम आला. "पोटातून!"

बाया फिदीफिदी हसल्या. चांगुणानं लाज गुंडाळली कमरेच्या पदरात, आणि दिली हाळी —

"व्हऽऽय!"

सगळी मेंढरं तिच्याकडे वळली. भुजंग मात्र बुटांसकट पाण्यात उतरला होता.