आजीला येते म्हण

निशीसाठी स्थळ घेऊन कोणी आलं की मी त्यांना बसायला खुर्ची देतो, चहा देतो, पोहे देतो आणि शेवटी नकार देतो. गेल्या दोन वर्षांत असे सहा जण झाले. मुलगा कमी शिकलाय, मुलगा जास्तच शिकलाय, घर फार लांब आहे, घर फार जवळ आहे... कारणंसुद्धा आता संपत आली. माझी बायको सुचिता माझ्याशी धड बोलत नाही. "पोट्टीले घरातच म्हातारी करा लागते काय तुमाले?" असं ती मागच्या आठवड्यात भिंतीकडे पाहून म्हणाली. निशी स्वतः काहीच म्हणत नाही, आणि त्याचा मला जास्त त्रास होतो.

परवा साखरखेर्ड्याचे रामराव आले. माणूस सरळ, मुलगा बँकेत, नाव ठेवायला कुठे जागाच नाही. मी नेहमीसारखा घसा खाकरला, आणि एकाएकी मला या सगळ्याचा इतका वीट आला की म्हटलं, बस झालं. सुचिता आणि निशी देवळात गेल्या होत्या. दिवेलागणीची वेळ होती. पडवीतला बल्ब लावला, दार ओढून घेतलं आणि चौदा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट रामरावांना सांगून टाकली.

मी दुसरबीडला शाळेत चित्रकला शिकवतो. सिंदखेडराजा इथून अर्ध्या तासावर. त्यामुळे घरी कोणीही पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचा गाईड. राजवाड्याच्या दरवाजात मान वर करून "अबब" म्हणणारे किती लोक मी पाहिले असतील, देव जाणे. सुरुवातीला मलाही हौस होती, स्केचबुक घेऊन जायचो. विसाव्या खेपेनंतर स्केचबुक घरीच राहायला लागलं.

त्या वर्षी मे महिन्यात सुचिताचा भाऊ दीपक पुण्याहून गाडी घेऊन आला. निशी तेव्हा दहा वर्षांची, मामाला चिकटलेली. दीपकच्या हातात इंटरनेटवरून काढलेली छापील यादी होती. अकरा ठिकाणं. एक पाहून झालं की खिशातून पेन काढून बरोबरची खूण. राजवाडा, खूण. नीलकंठेश्वर, खूण. रंगमहाल, मोती तलाव, खूण, खूण. प्रत्येक ठिकाणी निशीला उभी करून फोटो, मग "जरा डावीकडे हो बाळा", मग पुन्हा फोटो. आणि मधून मधून मला प्रश्न: "भाऊजी, एवढा दगड कुठून आणला असेल हो?" मला काय माहीत? मी काय बैलगाडी हाकत होतो?

बारा वाजले तेव्हा दहा ठिकाणं झाली होती. ऊन डोक्यात शिरत होतं, पोटात कावळे ओरडत होते.

"चला घरी," मी म्हणालो.

"अकरावं राहिलंय ना," दीपक म्हणाला. यादीत शेवटी लिहिलं होतं: लहान बारव, गावाबाहेर.

इतक्या खेपा केल्या, पण अशी कुठली बारव मी पाहिली नव्हती. मेहुण्यासमोर तसं कबूल करायला मला जड गेलं. "असेल एखादी पायऱ्यांची विहीर," मी म्हणालो, "चल." रस्त्यावर एका माणसाला विचारलं. त्यानं आधी निशीकडे पाहिलं, मग उन्हाकडे. "आता? या टायमाले?" म्हणाला, आणि हनुवटीनं शेतांकडे दाखवून चालता झाला.

नांगरलेल्या रानातून वीस मिनिटं चाललो. पायाखालची ढेकळं फुटत होती, तेवढाच काय तो आवाज. होल्या-पारव्यांचं घुमणंसुद्धा कुठे नव्हतं. निंबाच्या दोन झाडांमध्ये जमीन एकदम खाली गेलेली दिसली आणि समोर काळ्या दगडाच्या पायऱ्या उतरत गेल्या होत्या. आधी वास आला, शेवाळाचा, ओला आणि जुना. मोती तलावाचा तळ उघडा पडलेला असताना इथे मात्र पाणी होतं. खाली उतरलो तसा अंगावरचा घाम गार पडला.

सातव्या-आठव्या पायरीवर, भिंतीतल्या देवळीत एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, पदर चिंब ओला. धुणं धुवायला आली असेल असं मला वाटलं. जवळ कपड्यांचं बोचकं मात्र दिसलं नाही, हे नंतर आठवलं.

"नाव काय गं बाई तुयं?" तिनं निशीला विचारलं.

"निशिगंधा."

"चांगलं हाये," म्हातारी म्हणाली.

दीपकनं फोटो काढले, यादीवर अकरावी खूण केली, "झालं एकदाचं!" म्हणून वर चढायला लागला. माझं डोकं ठणकत होतं. तरी मास्तरकी कुठे जाते? कोणाच्या घरून, कोणाजवळून निघताना मुकाट्यानं चालू पडायचं नाही, हे मी निशीला लहानपणापासून शिकवलेलं.

"निशी, आजीला येते म्हण."

ती माझ्या मागे लपली. एरवी धीट पोरगी. "नको ना, बाबा."

"मास्तरांची मुलगी आणि लाजते!" दीपक वरून हसला. ते मला लागलं. सकाळपासूनचा सगळा वैताग मी त्या लेकरावर काढला. दंड धरून तिला पुढे ओढली. "तोंड नाही का तुला? येते म्हण!"

"येते, आजी," निशी रडत म्हणाली.

यावर काय म्हणतात? "ये हो बाई" म्हणतात. विषय संपतो. येतो म्हणणारा येत नसतो आणि ये म्हणणारा वाट पाहत नसतो. तसं म्हणायचं असतं, एवढंच.

म्हातारीनं मान वर केली.

"कवा?"

मला कळलंच नाही. "काय?"

"कवा येशीन?" ती निशीलाच विचारत होती.

"येईल हो," मी पायऱ्या चढता चढता वैतागून म्हणालो, "संध्याकाळी येईल. निंगू द्या आता आमाले."

"बरं," ती म्हणाली.

हमरस्त्यावर सिंधूताईंची रसवंती होती. पाहुण्यांना घेऊन मी तिथेच थांबायचो, त्यामुळे त्या मला ओळखत. निशीनं रसाच्या ग्लासाला हात लावला नाही. "बाबा," तिनं विचारलं, "संध्याकाळ किती वाजता होते?"

दीपकनं हसत हसत म्हातारीचा किस्सा सांगितला. सिंधूताईंनी चरकात घालायला घेतलेला ऊस खाली ठेवला.

"तिले येते म्हणली लेकरू?"

"हो. त्यात काय झालं?" मी म्हणालो.

"मास्तर, तिथून निंगताना कोणी बोलत नाही. मुकाट निंगून येते. आन बोललंच तं... जातो म्हणा लागते."

"जातो? असं कोण म्हणते?"

"कोणीच नाही म्हणत," सिंधूताई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून तं..."

भुकेल्या माणसाला असल्या गोष्टी ऐकवू नयेत. मी उठलो आणि गाडीत जाऊन बसलो.

घरी जेवलो, झोपलो. साडेपाचला जाग आली ती कडी वाजल्यानं. निशी दारात उभी होती. स्वतःच्या हातानं वेणी घातलेली, दिवाळीचा फ्रॉक अंगात. इतकी नीटनेटकी ती कधी नसायची.

"कुठे निघालीस?"

"आजीकडे. तुम्हीच सांगितलं ना, संध्याकाळी येईल म्हणून."

मी तिला आत घेतलं, कडी लावली. तिच्या पायाखालची फरशी ओली होती. सुचितानं टॉवेलनं तिचे तळवे पुसले. पुन्हा ओले. पुन्हा पुसले, पुन्हा ओले. घरात शेवाळाचा वास भरला. निशी रडत नव्हती, ओरडत नव्हती. फक्त दाराकडे सरकत होती, आणि दीपकसारखा दणकट माणूस तिला दोन्ही हातांनी धरून मागे रेटत होता तरी ती सरकत होती.

"भाऊजी... काहीतरी करा," दीपक म्हणाला. त्याची यादी, त्याचं पुणं, सगळं उतरलं होतं चेहऱ्यावरून.

मी मोटरसायकल काढली.

रानात पोचलो तेव्हा सूर्य बांधाला टेकला होता. उजेड होता, पण बारवेच्या आत तो चार पायऱ्यांपुढे उतरत नव्हता. दुपारी पाणी खूप खाली होतं. आता ते म्हातारीच्या देवळीखालच्या पायरीला लागलं होतं.

"पोरगी नाही आली?" ती म्हणाली.

"नाही येणार. चूक माझी आहे, आजी. मी बळजबरीनं म्हणायला लावलं तिला."

"म्हणली ना पण."

मी जातो म्हणायला तोंड उघडलं. शब्द येईना. माझे वडील जन्मभर येतो म्हणूनच घराबाहेर पडले. एकदाच, सायकलवर टांग टाकता टाकता, घाईत "जातो गं" म्हणून गेले. संध्याकाळी चार माणसांनी त्यांना घरी आणलं. त्यानंतर आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारला नाही. एकदा मी खेळायला निघताना चुकून म्हणालो, तर आईनं गालावर बोटं उमटवली आणि मग मलाच जवळ घेऊन रडत बसली.

"जातो... आजी," मी कसाबसा म्हणालो.

"तू जा ना. तुले कोणी धरलं?" म्हातारीचा आवाज अगदी साधा होता, शेजारीण बोलावी तसा. "पोरीचं सांग. ती जाते म्हण."

निशी जाते. एकाच अक्षराचा काय तो फरक. पण घरी माझी पोर ओल्या पायांनी उभी होती, आणि मी तिचा बाप, माझ्या तोंडानं म्हणायचं, निशी जाते? ते माझ्याच्यानं झालं नाही. मी पायरीवर बसून अक्षरशः रडलो. त्या यादीचा राग आला, दीपकचा आला, माझ्या वळणाचा तर सगळ्यात जास्त आला. खाली पाणी आणखी एक पायरी चढल्याचा आवाज झाला.

"तिच्या बदली मी येतो," मी म्हणालो.

म्हातारीनं मान वर केली. "कवा?"

या वेळी मी विचार करून बोललो. निदान मला तसं वाटलं.

"तिचं लग्न झालं की. अक्षता पडल्या की येतो."

तिनं खाली पाण्याकडे पाहिलं. मग पदर पिळून तिनं खांद्यावर घेतला आणि मला मान देऊन म्हणाली, "बरं. या."

घरी आलो तर निशी गाढ झोपली होती. पाय कोरडे. सकाळी तिला काही आठवत नव्हतं. दीपक दुपारीच पुण्याला निघाला. तो पुन्हा आमच्याकडे आला, पण फिरायला जाऊ असं कधी म्हणाला नाही. मी आजही पाहुण्यांना सिंदखेडराजा दाखवतो. दहाच ठिकाणं दाखवतो.

"तर असं आहे, रामराव," मी म्हणालो. "मरायला मी भीत नाही असं नाही, भीतो. पण पोरीचं आयुष्य अडवून बसलोय, याची लाजही वाटते. आता तुम्हीच सांगा, मी हो कसं म्हणू?"

मला वाटलं, रामराव हसतील. किंवा वेड्याच्या घरात सोयरीक नको म्हणून उठतील. पण त्यांनी बशी हळूच खाली ठेवली.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमच्या पोरीचं मले कोणं सांगतलं, हे तुमी इचारलंच नाही."

"कोणी सांगितलं?"

"परवा सिंदखेडराजाच्या स्टँडवर बसची वाट पाहून राह्यलो होतो. बाजूले एक बुढी येऊन बसली. हिरवं लुगडं. भर उन्हाचं तिच्या पदरातून पाणी टिपकत होतं. मले म्हणे, पोरासाठी पोट्टी पाहून राह्यला ना? दुसरबीडच्या चित्राच्या मास्तरची पाहून ये. मी म्हणलं, कशी हाये? तं म्हणे, वळणाची हाये... निंगताना येते म्हणते."

बाहेर फाटक वाजलं. सुचिता आणि निशी देवळातून परत आल्या होत्या. निशी अंगणात कशावर तरी हसत होती.

"आणखी काय म्हणाली?" मी विचारलं.

रामरावांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"तुमाले एक निरोप देल्ला. मले तवा काही समजला नाही. म्हणे, घाई नाही माही... मास्तरले फक्त इचारजा, कवा?"