कुशीपट्टी

त्या पिढीतली बाळं रडत नसत. 'रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही' ही म्हण त्यांना लागूच पडेना. याचं श्रेय डॉ. वसुधा पानसेंच्या कुशीपट्टीला होतं. एक पट्टी बाळाच्या छातीला, जोडीची आईच्या मनगटाला. बाळ कासावीस झालं की आईच्या मनगटात थरथर व्हायची. तिनं पट्टी दाबली की तिची ऊब, तिच्या काळजाचे ठोके बाळाला जाणवायचे. मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये गुलाब काढणाऱ्या बायकांना तर हे वरदानच वाटलं. पानसेबाईंना शाली मिळाल्या, नारळ मिळाले. त्या कौतुकात पुढचं कुणी पाहिलं नाही, बाईंनीही नाही.

त्या बायकांपैकी तनिष्का ढोरे पानसेबाईंकडे आली तेव्हा तिचा रुद्रांश तीन वर्षांचा होता.

"मॅडम, आजून आई म्हनत न्हाई. कान चांगलेत. बारशाला आत्यानं कानात नाव सांगितलं, त्या नावाला वळून बघत न्हाई."

"माणूस बोलायला का लागला असेल, तनिष्का?"

"मला काय ठावं? आडलं आसंल कायतरी."

"अगदी बरोबर. माकडिणीचं पिल्लू तिच्या केसांना धरून राहतं. माणसाच्या आईच्या अंगावर तसे केस उरले नाहीत. कंद खणायला तिला दोन्ही हात हवेत, म्हणून तिनं बाळ खाली ठेवलं. ते रडलं, तशी ती लांबूनच काहीतरी म्हणाली. कुशीची जागा आवाजानं घेतली. भाषा तिथून सुरू झाली असा एक तर्क आहे. मी तो वाचला होता गं! पण तेवढं अंतरच मी पुसून टाकतेय, हे ध्यानात आलं नाही. तुझ्या लेकाला बोलून मिळवायचं काही उरलंच नाही."

"मग आता?"

"पट्टी काढू. तो रडेल. जवळ जायचं नाही, लांबून बोलायचं. हे वय गेलं तर भाषा पुढे नीट येत नाही."

बाईंनी रुद्रांशला पडद्यापलीकडे खेळायला बसवलं आणि त्याची पट्टी काढून आणली. थोड्या वेळानं तो रडू लागला. आधी नुसता आकांत, मग थांबून थांबून, वाट पाहत. ती हाक होती. बाईंचे डोळे भरून आले.

"ओ दे त्याला! बोल!"

तनिष्का भिंतीला टेकून आपल्या मनगटावरची पट्टी जीव खाऊन दाबत होती. तिच्या काळजाची धडधड बाईंच्या मुठीतल्या पट्टीत उमटत होती. पडद्यामागचा आवाज थकत चालला.

"मॅडम," ती रडवेली होऊन म्हणाली, "रडत्या पोराला काय म्हनायचं आसतं?"