वाल्डेरिकचं शेवटचं स्तोत्र

एकोणीसशे सत्तावन्न सालची गोष्ट. चिंचवडच्या बाजारातून घासलेट घेऊन मी घरी आले, तर मारुतराव आमच्या ओट्यावर बसलेले. आमचं घर तेव्हा आकुर्डीच्या शिवारात, रुळांपलीकडे एकटंच होतं. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता सुरू झाला होता. इकडे मात्र भरदुपारीही बाभळींतला वारा तेवढा ऐकू यायचा.

"कुसुमताई, मास्तरांचे कागद न्यायला आलोय," ते म्हणाले. "त्यांचं काम वाया जायला नको."

मास्तर म्हणजे माझे थोरले भाऊ, भिमाजी. ख्रिस्ती पाळक घडवणाऱ्या विद्यालयात लॅटिन शिकवायचे. कित्येक शतकांपूर्वी होऊन गेलेला वाल्डेरिक नावाचा एक मठवासी, मोठा धर्मशास्त्री आणि लॅटिन कवी. त्याचं चरित्र आणि स्तोत्रं मराठीत आणण्यात दादांची उभी हयात गेली. संध्याकाळी मी भाकरी थापायची आणि दादा चुलीपाशी बसून आधी लॅटिन, मग मराठी वाचायचे. ऐकून ऐकून मलाही ती भाषा थोडीफार समजू लागली.

वाल्डेरिकचा ग्रंथ होता क्षमेवर. देव कुणालाच टाकत नाही, सैतानालासुद्धा नाही, असं त्यानं लिहिलं. त्याच्या जिवलग मित्रानंच त्याला धर्मसभेपुढे पाखंडी ठरवलं, कोठडीत जिवंत चिणायला लावलं आणि त्याची स्तोत्रं स्वतःच्या नावानं गायली. कोठडीत वाल्डेरिकनं आणखी एक स्तोत्र रचलं. त्यात क्षमा नव्हती. 'माझे शब्द आपले म्हणून जो उच्चारील, त्याच्या मुखातून मी बोलेन, आणि थांबणार नाही.' एवढं एक स्तोत्र दादा कधी मोठ्यानं वाचत नसत.

मारुतराव दादांचे लाडके विद्यार्थी. दादा क्षयानं अंथरुणाला खिळले तेव्हा रोज यायचे, आमच्याबरोबर जेवायचे. आणि त्यांनीच जाऊन आमच्या चर्चच्या मंडळीच्या पंचांना सांगितलं, की मास्तरांची श्रद्धा उडाली आहे, ते सैतानासाठी माफी मागतात. पंचांनी दादांचं नाव मंडळीतून काढलं. दादा गेले तेव्हा दफनभूमीत जागा दिली नाही. बाभळीच्या रानात, रुळांच्या कडेला, परक्या माणसांनी त्यांच्यासाठी खड्डा खणला. मारुतराव फिरकलेसुद्धा नाहीत.

आणि आता ते ओट्यावर बसून माझ्या हातचं पाणी पीत होते.

"सगळे न्या," मी म्हणाले. ते शेवटचं स्तोत्र मी स्वतःच्या हातानं गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवलं. "हे आधी वाचा. चार लोकांत वाचा. फार सुंदर आहे."

पावसाळ्यानंतर खडकीला मंडळीच्या सभागृहात त्यांचं वाचन ठरलं. रविवारची सकाळ होती, खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलेलं. मी मागच्या बाकावर बसले.

"ही माझी कित्येक वर्षांची तपश्चर्या," मारुतराव म्हणाले आणि वाचू लागले. पहिलं कडवं मराठीत झालं. दुसऱ्या कडव्यात शब्द हळूहळू फिरले... लॅटिन झाले. लोकांना वाटलं, विद्वत्ता दाखवताहेत. पण मारुतरावांना लॅटिन जेमतेम यायचं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी कागद खाली ठेवला. आवाज थांबला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. बोटांच्या फटींतून आवाज येतच राहिला. सभागृहात ओल्या चुन्याचा वास पसरला.

मग त्यांना मी दिसले. व्यासपीठावरून धडपडत खाली आले, माझा पदर धरला.

"आक्वा... दा मिही आक्वाम..."

त्यांच्या बायकोनं, गवराबाईनं, माझा हात धरला. "ताई, काय म्हणत्यात वो हे?"

पाणी मागत होते.

"मला नाही कळत," मी म्हणाले.

डॉक्टर झाले, प्रार्थना झाल्या. शेवटी गवराबाई त्यांना चाकणकडे आपल्या माहेरी घेऊन गेली. चैत्रात मी तिथं गेले. विचारपूस करायला नव्हे, डोळे भरून बघायला.

"झोपंतबी थांबत न्हाईत, ताई," गवराबाई म्हणाली. "पर आज सकाळधरनं गप हायेत. तुमी येणार म्हून की काय..."

पत्र्याच्या पडवीत ते बाजेवर पडले होते. नुसता हाडांचा सापळा. मी जवळ बसले. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. लॅटिन नव्हतं. मारुतरावांचा आवाजही नव्हता.

"कुसे..."

मला कुसे म्हणणारं माणूस बाभळीच्या रानात पुरलेलं होतं.

"दादा?"

"कुसे, त्यानं चोरलेले शब्द माझेही होते... आम्ही तिघं आहोत गं इथं... बोलायला तोंड एकच आहे."

मी मागे सरकायला लागले. डोक्यावर पत्रा उन्हानं तडतडत होता, माझी पाठ घामानं भिजली होती. आणि त्यांच्या उघड्या तोंडातून, पौषातल्या पहाटे निघते तशी, पांढरी वाफ निघत होती.