नापास होणारा चष्मेवाला

जिन्याच्या वळणावर ती धडकली ती थेट त्याच्यावर. उशीर झाला म्हणून ती पळत होती, आणि तो आपला रमतगमत चढत होता.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"मला नाही. तुमचा चष्मा बघा, वाकडा झालाय!"

"होऊ दे. चष्म्याच्याच दुकानात काम करतो मी."

दोघंही निघाले होते एकाच संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला, आणि त्या वर्गाची तऱ्हाच अशी की जे दोघं बरोबर आत शिरतील ते जोडीदार. बाई एक नाम म्हणणार, आणि जोडीने त्याच्यामागून येणारं प्रिपोझिशन सांगायचं. 'डिमांड' म्हटलं की 'फॉर', 'सोल्यूशन' म्हटलं की 'टू'. का, ते विचारायचं नाही. कुणाचं कुणाशी जमतं याला कधी कारण असतं का? महिनाअखेरीस परीक्षा, आणि पास होईल तो सकाळच्या वरच्या वर्गात.

ती हॉटेलच्या लाँड्रीत होती. ही परीक्षा पास झालीस तर रिसेप्शनवर घेतो, असं मॅनेजरने कबूल केलं होतं. त्यामुळे चादरींच्या घड्या घालतानाही तिचं 'रीझन फॉर, रीझन फॉर' चालायचं.

आणि हा जोडीदार... काय सांगावं!

"'इंटरेस्ट ऑन'," तो छातीठोकपणे सांगायचा.

"अहो, 'इन'!" ती कोपर मारायची.

"तुम्ही रागावलात की छान लक्षात राहतं," तो म्हणायचा, आणि असा बघायचा की तिचंच पाठांतर उडून जायचं.

पहिल्या परीक्षेत दोघंही आपटले. तिला रडू आवरेना, हा मात्र खुशीत!

दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी आपल्या मामांचा चष्मा आणायला ती त्याच्या दुकानात गेली. तो पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. इंग्रजी, आणि तेही घडाघडा! 'इंटरेस्ट इन' काय, 'डिमांड फॉर' काय... एक चूक नाही. फोन ठेवून तो वळला आणि पांढराफटक पडला.

"माझी गंमत बघत होतास?" रागात 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं.

"नाही गं, शपथ!" पुसलेलीच काच तो पुन्हा पुसायला लागला. "पास झालो तर सकाळी जावं लागेल. आणि तू... तू तर संध्याकाळी—"

आतून तिला गुदगुल्या झाल्या, पण तोंडाने ती कडाडलीच. "मी जीव तोडून अभ्यास करते, आणि तू मुद्दाम चुकतोस? माझ्यासाठी नापास होणारा मला नको. उद्या सगळं बरोबर लिहायचं!"

"आणि तू राहिलीस तर?"

"तर पुन्हा बसेन!"

तणतणत ती निघाली. मामांचा चष्मा राहिला तो राहिलाच.

निकाल लागला. तो पहिला, ती काठावर. काठावर का होईना, पास! रिसेप्शनची ड्यूटी मिळाली, पण सकाळची.

"म्हणजे वरच्या वर्गात तू नसणार," जिन्यात तो पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला. "मग मीही नाही—"

"खबरदार वर्ग सोडलास तर!" तिने सगळ्यांदेखत त्याची बाही धरली. "अरे वेड्या, वर्गापुरतंच आहे का आपलं? आवडतोस तू मला. उद्या संध्याकाळी घरी येतेय, आईला सांगून ठेव."

"कुणाच्या आईला?"

"तुझ्या!"

तो मटकन पायरीवरच बसला. उतरणारी माणसं त्याला वळसा घालून हसत जाऊ लागली.

"अगं, मलाही... म्हणजे तू मला... कधीपासून..."

"कळलं," ती म्हणाली, आणि हसत त्याच्याजवळ टेकली.