पडद्याआडची आठवण

"हा कोट कुणाच्या मापाने कापलाय?" बाबांनी काळा कोट टेबलावर असा आदळला की खडूचा डबाच उलटला. वकीलसाहेबांच्या पोटावर त्याचं एकही बटण लागलं नव्हतं!

कोट कापणारा धाकटा मुलगा सांडलेले खडू गोळा करू लागला. ताई पडद्याआडून धावत आली. "बाबा, खुणा मी केल्या होत्या. माझंच चुकलं."

"हल्ली तुझं लक्ष असतं कुठे?" बाबा गरजले, आणि तिने नेहमीसारखी मान खाली घातली...

या दुकानात मापं कधी लिहायची नाहीत, हा बाबांचा ताठा. ते टेप लावून मापं म्हणत जायचे आणि धाकट्याने ती डोक्यात ठेवून कापड कापायचं. एके काळी त्याचं डोकं होतंही तसं तल्लख! पण ऐन शाळकरी वयात गांजाची चटक लागली आणि ताजं ऐकलेलं लगेच पुसलं जाऊ लागलं. जुनं मात्र सगळं पाठ; म्हणून तर वकीलसाहेबांना त्यांच्या जुन्या, सडपातळ मापाचा कोट मिळाला होता. ताईने त्याला गुपचूप डॉक्टरांकडे नेलं होतं. "वाढत्या वयात लागलेलं व्यसन मेंदूला जास्त बाधतं. सोडलं तर बरंच सुधारेल, पण सगळं परत येईलच असं नाही," ते म्हणाले. तेव्हापासून ती पडद्याआड काजं करत बसे, मापं ऐके आणि कापायच्या वेळी त्याच्या कानात सांगे. परगावच्या शिवणशाळेत तिला शिकवायला बोलावलं होतं. त्या सकाळी ती नकार कळवायला गेली, आणि नेमके तेव्हाच वकीलसाहेब कोटाचं माप द्यायला आले! घटकाभरसुद्धा सुटका नव्हती तिची.

"ताई, पुरे गं!" धाकटा एकदम ओरडला. "बाबा, ती त्या सकाळी इथे नव्हतीच. मीच विसरलो."

बाबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग टेप उचलून ताईच्याच खांद्याला, बाहीला, छातीला लावली, मापं म्हटली आणि विचारलं, "सांग, बाही किती?"

धाकट्याची नजर भिरभिरली आणि सवयीने पडद्याकडे वळली... ताई समोर उभी होती, तरीही!

बाबा मटकन स्टुलावर बसले. "पोरी, किती वर्षं बसलीस गं त्या पडद्यामागे?"

आता मात्र तिचा बांध फुटला. धाकट्याने रडत रडत सगळं कबूल केलं, गांजाचंही. बाबांनी त्याला ना मारलं ना जवळ घेतलं. खडू उचलून त्याच्या हातात दिला. "आजपासून लिहायचं. आणि उद्या डॉक्टरांकडे मीही येतो."

मग त्यांनी ताईला शिवणशाळेत फोन करायला लावला. ती जागा भरली होती. "पुढच्या वर्षी बघू, बाबा," ती कसंबसं हसून म्हणाली. बाबांच्या डोळ्यांना धार लागली.

ते उठले, पडदा ओढून काढला आणि मोठी कात्री तिच्यापुढे ठेवली. "तोवर तू काप. इथे, उजेडात."

पडद्यामागच्या रिकाम्या स्टुलावर धाकटा जाऊन बसला आणि तिचं अर्धं राहिलेलं काज त्याने हातात घेतलं.