भाऊंचं रिमोट

ज्याला उचलायला भाऊ रस्त्यावर उतरले, तो माणूस गेला कुठे?

हे मी हवालदाराला विचारलं, दवाखान्यात विचारलं, अँब्युलन्सवाल्यालाही विचारलं. शाळा अर्धवट सोडलेल्या पोराला उत्तर द्यायची कोणाला गरज वाटते? "तिथे एकच बॉडी होती. घरी जा," हवालदार म्हणाला. माझ्या भावाला बॉडी म्हणाला. मी टेबलावर हात आपटला, तर दंडाला धरून मला बाहेर काढलं.

पण भाऊ खोटं बोलणारे नव्हते. पहूरकडून भडगावला परत येताना त्यांनी वहिनींना फोन केला होता. "रस्तावर कोन्ही तरी पडेल शे. उचली लेस नि येस." एवढंच. मग डंपरने उडवलं. लोक जमले, मोबाइल काढून शूटिंग करत बसले, पाण्याचा घोट कोणी पाजला नाही. गाडी कडेला तशीच चालू, किल्ली तिच्यात, एक ओरखडा नाही. अलार्मचं रिमोट मात्र भाऊ शर्टाच्या खिशात ठेवायचे. दवाखान्यातून कपड्यांचं गाठोडं मिळालं तेव्हा खिसा रिकामा होता.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा रिमोटचं काय घेऊन बसला. पण आमच्या घरात त्याला अर्थ होता. भाऊ भाड्याने गाडी चालवायचे आणि वाटेत कोणी अडकलेलं दिसलं की त्याला जेवायला घरी आणायचे. अंगणात गाडी लावून बटण दाबायचे. गाडी एकदा ओरडली, की वहिनी तवा चढवायच्या. दोनदा ओरडली, की बरोबर पाहुणा आहे, एक भाकरी जास्त.

"आज कोनले धरी आनं?" वहिनी आतून विचारायच्या.

"तुना माहेरना शे!" भाऊ हसत सांगायचे. गाडी चालवताना झोप येऊ नये म्हणून गालात लवंग धरायची त्यांना सवय होती. ते दारात आले की तिचा वास आधी घरात यायचा.

भाऊंचे दिवस झाल्यावर मी गाडी आणून अंगणात उभी केली. त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, ती ओरडली. एकदाच. चारही दिवे लुकलुकले आणि विझले.

मी काठी घेऊन गल्लीत धावलो. कोणी नाही. ओट्यावर शेजारचे भटू नाना तेवढे बसलेले.

"नाना, कोण गेलं इथून?"

"कोन्हीच नही."

"मग गाडी कशी वाजली?"

"बठ्ठा मनना खेळ शे, पोरा."

"दिवे पण माझ्या मनानेच लागले का?"

नाना आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग रोजच. माझं डोकं फिरलं. ज्याच्यासाठी माझा भाऊ मेला, तोच खिशातलं रिमोट काढून पळाला आणि आता आमच्याच गल्लीत लपून आमची चेष्टा करतो, याची मला खात्री पटली. मी जळगावहून नवं रिमोट आणलं. दुकानदाराने कृती सांगितली. किल्ली पाच वेळा चालू-बंद करायची, स्टेअरिंगखालचं बटण दाबून धरायचं, गाडी ओरडली की नवं रिमोट दाबायचं. पुन्हा ओरडली म्हणजे तिने ते घेतलं. "जुनी सगळी बाद होतात," तो म्हणाला. मला तेच हवं होतं.

वहिनी दारात आल्या. "नका ना, चंदनभाऊ. त्या येतस."

"ते येत नाहीत, वहिनी. चोर येतो."

भर दुपारी मी ते काम उरकलं.

त्या संध्याकाळी गाडी गप्प राहिली. वहिनींनी तवा चढवला होता. तो तापून धुरावला, तरी त्या हात मागे घेऊन बसल्या होत्या. मी ओट्यावर छाती काढून बसलो होतो. आता ये म्हणावं, चोरा...

खट्.

भाऊंच्या बाजूच्या दाराचं हँडल हळूच वर उचललं गेलं आणि खाली पडलं. गाडीजवळ कोणी नव्हतं. वाराही नव्हता. पुन्हा खट्. सावकाश, दमलेल्या माणसाने ओढावं तसं. मग सायरन किंचाळला. मी नवं रिमोट दाबून तो बंद केला आणि त्या शांततेत मला लवंगेचा वास आला...

"भाऊ...?"

हँडल पुन्हा उचललं गेलं. या वेळी मागच्या दाराचंही. दोन्ही एकदम.

माझा सगळा राग माझ्यावरच उलटला. रस्त्यावर कोणी त्यांना पाणी दिलं नाही, दवाखान्याने खिसा रिकामा परत केला, आणि घरी आले तर सख्ख्या भावाने दार लावून घेतलं!

नव्या रिमोटचा सेल काढून मी तो वहिनींच्या हातात दिला. गाडीत बसलो. किल्ली पाच वेळा फिरवली, बटण दाबून धरलं. गाडी ओरडली. आता तिला रिमोट हवं होतं. मी दोन्ही रिकामे हात स्टेअरिंगवर ठेवले.

"दाबा, भाऊ..."

टुंक्.

आत वहिनींचा हुंदका फुटला. पाठोपाठ पिठावर थापा ऐकू आल्या. मी डोळे पुसून उतरणार, तोच माझ्या मागची सीट दबली. कोणीतरी बसल्यासारखी. आरशात पाहायची माझी हिंमत झाली नाही. लवंगेच्या वासात आता दुसराही वास होता, तापलेल्या डांबराचा.

टुंक्.

भाऊंनी बटण दोनदा दाबलं होतं. बरोबर पाहुणा होता, रस्त्यावरून उचललेला.

मी उतरलो. दोन्ही दारं सताड उघडी ठेवली. चुलीशी वहिनींचे हात थांबले होते आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"एक भाकरी जास्त टाका," मी म्हणालो आणि दोन ताटं मांडली.